वरातीच्या पुढची गोष्ट

आमच्याकडे लग्नकार्य असलं की जेवणं उरकल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "दत्तूमामा, ती उलट्या वरातीची गोष्ट होऊन जाऊ दे." मग मी सांगतो. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा सीटच्या पाठीवर, मान पार मागे वळवलेली, असे माझे वडील, अप्पा, कसे बसले होते ते करून दाखवतो. बँडवाल्यांची तारांबळ तोंडाने वाजवून दाखवतो. पोरं पोट धरून हसतात आणि मी तिथेच थांबतो. माझ्याजवळ स्वतःच्या फजित्यांचा साठा मोठा आहे आणि तो उधळण्यात मी कधी कंजूषपणा केलेला नाही. पण ही एक गोष्ट मी आजवर वरातीपर्यंतच सांगत आलो. वरातीच्या पुढे काय झालं ते लिहून ठेवतो आहे, कारण ते तोंडाने सांगायचं होतं एकाच माणसाला, आणि तो आता नाही.

आम्ही देवराज मोहल्ल्यातले शिंपी. कुठल्या पिढीत म्हैसूरला आलो ते कुणालाच ठाऊक नाही. घरात मराठी बोलायचो, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं, की पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी अर्धा तास ऐकून "तुमची भाषा फार गोड आहे, कुठली?" असं विचारलं होतं. गल्लीत सकाळ व्हायची ती शिलाई मशीनांच्या आवाजाने. मधूनच टांग्याच्या घोड्याच्या टापा, मार्केटकडे जाणाऱ्या मोगरेवाल्याची हाक, आणि आईच्या फोडणीत तडतडणारा कढीपत्ता. आमच्यात भाकरी-पिठल्याबरोबर सारू, म्हणजे पातळ तिखट सार, असायचंच, आणि रविवारी चित्रान्न. आई घरीच लहान मुलांचे कपडे शिवायची. तिच्या मशीनखाली चिंध्यांचा ढीग असे, आणि त्यातली एकही चिंधी तिच्या परवानगीशिवाय घराबाहेर जात नसे.

अप्पांनी मात्र सुईला लहानपणीच रामराम ठोकला होता. ते ड्रायव्हर झाले. पाहुण्यांना ऊटीचा घाट दाखवून आणणारे, पांढऱ्या कपड्यातले, टोपी तिरकी घालणारे ड्रायव्हर. शिंप्याच्या पोराने असं काही करावं म्हणजे आमच्या गल्लीत केवढं अप्रूप! माझ्या लेखी ते राजवाड्यातल्या महाराजांच्या खालोखाल होते, आणि दसऱ्याच्या दिवसांत तर बरोबरीचे. मग त्यांच्या डाव्या पायाला एक साधी जखम झाली. रक्तात साखर होती, जखम चिघळली, आणि पाय घोट्याच्या वरून काढावा लागला. उजवा पाय शाबूत राहिला म्हणून सगळे त्यांचं सांत्वन करत होते. पण गाडीचा क्लच डाव्या पायाने दाबतात. तो पाय नसेल तर माणूस ड्रायव्हर नसतो, एवढं सोपं होतं ते.

अप्पांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही कानडी पद्धतीने दोड्डप्पा म्हणत असू, त्यांचं मार्केटजवळ शिंपीकामाचं दुकान होतं. त्यांनी अप्पांना तिथे बसवलं. मशीन चालवायलाही पाय लागतात, म्हणून काज-बटणाला. सुईने काजाच्या कडा गुंफायच्या आणि बटणं लावायची. हे काम दुकानात सर्वांत नव्या माणसाला देतात. दोड्डप्पांनी ते प्रेमानेच दिलं होतं, आणि त्यामुळे अप्पांना नाही म्हणता आलं नाही. ते कुबडी भिंतीला टेकवायचे, मान खाली घालायचे आणि रस्त्यावरून एखादी गाडी गेली की मान वर न करता म्हणायचे, "तिसऱ्यात घ्यायला हवी होती ह्याने."

मग ती गाडी आली. कोडगूकडच्या कॉफीमळ्याचे एक साहेब, ज्यांना अप्पांनी वर्षानुवर्षं फिरवलं होतं, ते दुकानात आले आणि म्हणाले, "माझी जुनी अमेरिकन गाडी शेडमध्ये पडली आहे. तिला क्लच नाही, गियर आपोआप पडतात. पण चढ दिसला की ती रडते. भंगारवाल्याला देण्याऐवजी तू घे." अप्पांनी सुई थांबवली. "क्लच नाही?" ते म्हणाले. एवढंच. पण संध्याकाळी घरी येताना त्यांची कुबडी गल्लीत वेगळीच वाजत होती.

गाडी आली ती दुसऱ्या गाडीला दोर बांधून. फिकट हिरवी, आमच्या घराहून लांब. मागच्या मोकळ्या जागेत चिंचेखाली ती उभी केली तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "अय्यो, हिच्यात संसार मांडता येईल." मंडी मोहल्ल्यातले मेकॅनिक बाशाभाई बोलावले गेले. त्यांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं आणि कानाला हात लावले. "मालिक, हे आपल्या हाताचं नव्हे. मद्रासला न्या." मद्रासला न्यायचा खर्च गाडीच्या दुप्पट झाला असता. बाशाभाईंनी गाडीबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक तेवढं कौतुकाने चाळलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "घरात इंजिनियर आहे की."

तो इंजिनियर म्हणजे मी. पॉलिटेक्निकात जाऊन मला चार महिने झाले होते. त्यातले दोन मी लोखंडाचा चौकोनी ठोकळा कानशीने घासून चौकोनीच ठेवण्यात घालवले होते आणि तो गोल झाला होता. पण अंगात खाकी डांगरी, वर्कशॉपचा अंगभर पोशाख, होती. तिची काजं अप्पांनी स्वतः गुंफलेली. त्या डांगरीत मी आरशासमोर उभा राहायचो आणि मला अमेरिकेची कीव यायची की माझ्याशिवाय त्यांचं कसं भागत असेल.

खरं रोगनिदान केलं ते अप्पांनी, खुर्चीत बसून, आणि आईने, स्वयंपाकघरातून. अप्पा म्हणायचे, "पैसे नसले की कान, नाक, डोळे वापरायचे. ते फुकट आहेत." इंजिन गरम झालं की मला तेलाची पट्टी काढायला लावायचे. गियरमधलं तेल लाल असतं. आईने त्यासाठी पांढऱ्या मलमलचे, धुऊन धुऊन मऊ झालेले तुकडे दिले होते. त्यावर एक थेंब टाकायचा आणि उन्हात धरायचा. "हे बघ, लाल आहे. जळक्या खोबऱ्यासारखा वास आला असता तर आतल्या चकत्या गेल्या. आणि पितळ झिजलं असतं तर हे कापड जरीसारखं चमकलं असतं. चमकतंय?" "नाही." "मग जीव आहे हिच्यात." आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली होती: पट्टी किंवा आतलं काहीही पुसायचं ते ह्याच मलमलने. दुसरं कापड नाही. "ह्या गाडीच्या पोटात केसाएवढ्या वाटा आहेत."

एके दिवशी मी गाडी सुरू करून दांडी पुढच्या गियरला लावली आणि पाय दाबला. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही, मग एकदम धक्का मारून निघाली. आई हातातली पळी घेऊन दारात आली. "हिचा पट्टा ढिला झालाय," ती म्हणाली. "पाय मारतोय तेवढी सुई धावत नाही. माझ्या मशीनचं व्हायचं तसंच." अप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "ऐकलंस, इंजिनियर? मद्रासचा मेकॅनिक ह्याचेच पैसे घेणार होता." आतला दाब कमी पडत होता, कारण तेल कमी व्हायचं. पण कुठे जायचं? आम्ही गाडीखाली अप्पांचं जुनं धोतर पसरून ठेवलं. दोन दिवसांनी काढलं तर धोतर कोरडं. गळती नाही, तरी तेल कमी. सुई अर्ध्या काजात थांबवून अप्पा विचार करत राहायचे, असं दोड्डप्पा नंतर हसत सांगायचे. मग मला म्हणाले, "धूर कुठल्या रंगाचा येतो?" पांढरा येत होता. "तर मग ती पितेय. स्वतःचंच तेल इंजिनात ओढून जाळतेय." इंजिनातून गियरकडे जाणारी एक रबरी नळी त्यांनी मला काढायला लावली. आतून ती लाल ओली होती. नळीच्या टोकाला एक डबी, डबीत रबराचा पडदा, आणि तो फाटलेला. बस्स, एवढंच दुखणं. बेंगळूरच्या भंगार बाजारातून त्यांच्या एका जुन्या ड्रायव्हर दोस्ताने तसली डबी शोधून आणली.

ज्या सकाळी अप्पा पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसले, त्या सकाळी आईने त्यांचे पांढरे कपडे पेटीतून काढून इस्त्री केले होते. आम्ही जयलक्ष्मीपुरमच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर गेलो. उजवा पाय एकटाच सगळं करत होता. अप्पांनी टोपी थोडी तिरकी केली. मागे बसलेली आई बाहेर बघत होती आणि पदराने पुन्हा पुन्हा नाक पुसत होती. "थंडी आहे," ती म्हणाली. थंडी नव्हती.

पंधरा दिवसांनी एका लग्नाची वर्दी मिळाली. नवरदेवाची वरात, आमच्या गाडीतून. अप्पांनी दोड्डप्पांना सांगितलं, "अण्णा, लग्नानंतर मी काज-बटणाला येणार नाही." दोड्डप्पा म्हणाले, "सरी, सरी, बरं. पण खुर्ची राहू देतो." आता सगळं ठीक होतं. फक्त पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी किंचित थरथरायची. मी म्हटलं, "खाली उघडून साफ करूया." अप्पा म्हणाले, "बेड. जुनी हाडं आहेत. चालतेय तर हात लावू नकोस." त्यांनी बेड म्हटलं की ते नकोच्या वर असायचं.

मी हात लावला. ते दुकानात असताना, त्यांना चकित करायचं म्हणून. पुस्तक उघडं ठेवून गियरखालची तेलाची कढई काढली, आतला जाळीचा गाळणा काढला, झडपांचा ठोकळा काढला, रॉकेलने सगळं धुतलं. चमकायला लागलं. मलमलचे तुकडे तेलकट झाले होते आणि आई बाजारात गेली होती. मग तिच्या ढिगातून मी सर्वांत मऊ कापड उचललं. बाळाच्या अंगड्यासाठी आणलेलं पिवळं फ्लॅनेल. शिंप्याच्या घरातल्या मुलाला कापडाची पारख असते आणि मी पारख केली होती: मऊ ते चांगलं. त्याने मी एक एक झडप पुसली, आणि काढलेलं तेल वाया जाऊ नये म्हणून त्यातूनच गाळून पुन्हा भरलं. फ्लॅनेल मऊ असतं ते त्याच्या सुट्या लवेमुळे, हे मला माहीत नव्हतं. आईच्या मांडीवर वाढलो होतो आणि हे माहीत नव्हतं. संध्याकाळी गाडी थरथरली नाही. अप्पा म्हणाले, "बघ, आपोआप बरी झाली." मला लग्नाच्या दिवशी सांगून शाबासकी घ्यायची होती.

वरातीचं मी काय सांगू? ते सगळ्यांना पाठ आहे. फुलांनी मढवलेली गाडी, पुढे बँड, आत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आणि त्याची मावशी, पुढे अप्पांच्या शेजारी मी, डांगरी धुऊन घातलेली. लग्नाचं कार्यालय हाकेच्या अंतरावर आलं आणि अप्पांनी पाय दाबला तर नुसतं इंजिन ओरडलं. दांडी मागे-पुढे केली. काही नाही. पुढचा एकही गियर लागेना. मावशी ओरडली, "एनायतु? काय झालं? मुहूर्त टळतोय!" उतरून चालत जायला नवरदेवाचे वडील तयार नव्हते, अपशकुन म्हणाले. तेव्हा अप्पांनी दांडी उलट्या गियरला टाकली आणि गाडी मागे सरकली. तो एक गियर जिवंत होता. त्यांनी शांतपणे गाडी रस्त्यातच फिरवायला सांगितली, चाळीस माणसांनी ती ढकलून वळवली, आणि मग मान मागे वळवून, हात सीटच्या पाठीवर टाकून अप्पांनी गाडी उलटी चालवत नवरदेवाला कार्यालयाच्या दारात नेलं. बँडवाल्यांना पुढे कुठलं आणि मागे कुठलं कळेना. लोक टाळ्या पिटत होते. नवरीकडच्या बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. इथे मी नेहमी थांबतो.

मी अप्पांच्या शेजारी बसलो होतो. मागे वळलेला त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता. लोक हसत होते आणि त्यांच्या गळ्याची शीर टरारली होती. पण एकदाही गाडी कुणाला घासली नाही.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली अप्पा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मला खाली जाता येत नाही. तू उघड आणि काय दिसतं ते सांग." मी गाडीखाली शिरलो. कढई काढली. गाळण्याच्या जाळीवर पिवळी लव साचली होती, पक्ष्याच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. वरच्या झडपेच्या फटीतूनही एक पिवळं टोक डोकावत होतं. मला तिथून अप्पांचा एकच पाय दिसत होता आणि शेजारी कुबडीचं रबरी बूड.

"काय दिसतंय?"

पुन्हा धुवायचं, मलमलने पुसायचं, चांगलं तेल भरायचं. एका दिवसाचं काम होतं. पुढची सगळी वर्षं मी गाड्यांच्या पोटात काढली, म्हणून सांगतो. पण त्यासाठी आधी बाहेर येऊन तीन शब्द बोलायला हवे होते. इतर कुठलीही फजिती असती तर मी ती स्वतःच रंगवून सांगितली असती. ही रंगवता येत नव्हती.

"पितळ," मी खालून म्हणालो. "पितळेचा कीस आलाय."

"किती?"

"पुष्कळ."

आईचं मशीन थांबलं. मग अप्पा म्हणाले, "पट्टी आण. आणि मलमल." पितळ असेल तर कापड जरीसारखं चमकायला हवं, हे मी विसरूनच गेलो होतो. मी बाहेर आलो, पट्टीवरचा थेंब कापडावर पडला, आणि त्यांनी तो उन्हात धरला. इकडे वळवला, तिकडे वळवला. लाल, स्वच्छ. काही चमकलं नाही. मग त्यांनी थेंबातून चिमटीने काहीतरी बारीकसं उचललं, बोटांत चोळलं आणि झटकून टाकलं. चिलट असेल, असं मला वाटलं. वाटून घेतलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पितळच आहे. संपली ती."

कापडाची चौकोनी घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. मी, मूर्ख, सुटकेचा श्वास टाकला आणि मनात म्हटलं, साखरेने ह्यांचे डोळेही अधू झालेले दिसतात.

आठवड्यात भंगारवाला गाडी घेऊन गेला. दोड्डप्पांनी खुर्ची राहू दिली होतीच. अप्पा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "गियरच गेला होता. आमच्या दत्तूने उघडून सांगितलं. शिकतो आहे ना तो." पांढरे कपडे आईने पुन्हा पेटीत ठेवले. पुढे कधीतरी त्यातल्या शर्टाचा तिने माझ्या धाकट्या बहिणीला फ्रॉक शिवला.

त्यानंतर अप्पा नऊ वर्षं काज-बटणाला बसले. शेवटच्या वर्षी मी एकदा त्यांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात गेलो होतो. तोवर माझं स्वतःचं छोटं गॅरेज झालं होतं. दुपारची वेळ, दोड्डप्पा आत लवंडलेले. अप्पांनी डबा बाजूला ठेवला आणि हातातलं काज न थांबवता, हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "दत्तू, ते फ्लॅनेल पिवळं होतं, नाही का रे?"

नऊ वर्षं मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. दार उघडून दिलं होतं त्यांनी, माझ्यासाठी. नुसतं हो म्हणायचं होतं.

"कुठलं फ्लॅनेल?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मलमलचा तुकडा उन्हात धरला होता तसं, थोडं इकडून, थोडं तिकडून. मग मान खाली घातली.

"काही नाही. सुम्ने, उगीच आठवलं. दोरा संपलाय, सुई ओवून दे. मला आता दिसत नाही."

मी सुई घेतली. तीनदा दोरा नेढ्याच्या बाजूने गेला, चौथ्यांदा ओवला गेला. तेवढा वेळ अप्पा तळहात पुढे करून थांबले होते. सुई हातात आल्यावर त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि उरलेलं काज पुरं केलं.